जीन्सचं सरबत

लोकांना वाटतं जीन्स फिकी व्हायला माणसाला ती दोन वर्षं अंगावर घासावी लागते. छे हो! उल्हासनगरात या, कॅम्प पाचच्या मागच्या गल्लीत हरेशसेठच्या शेडमध्ये शिरा, तिथं ती तासाभरात दोन वर्षांनी म्हातारी होते. नवीकोरी काळपट निळी पँट मोठ्या पोलादी ड्रममध्ये टाकायची, कोमट पाणी सोडायचं, थोडं ॲसिड, थोडं एन्झाइम, आणि ड्रम गरगर फिरवायचा. एन्झाइम म्हणजे निळ्या रंगाची वरवरची साय खाऊन टाकणारी पावडर. काम चोख, पण नखरे नवरीच्या मावशीसारखे. पाणी बेताचं आंबट हवं. जास्त आंबट झालं तर मरते आणि आंबटपणा गेला तर हातपाय पसरून झोपते.

त्या शुक्रवारी सकाळी पायल बदलापूरहून कामावर आली तेव्हा ही महाराणी झोपलेली होती. धुऊन काढलेल्या पँटींचा डोंगर शेडच्या मधोमध पडला होता आणि त्यातली एकही पँट धड फिकी झालेली नव्हती. मांडीवर काळपट, गुडघ्यावर काळपट, मध्येच कुठंतरी बोटभर पांढुरका डाग. डोंगराशेजारी हरेशसेठ कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्यासमोर ड्रम चालवणारे मास्टर, बबनमामा, मान खाली घालून.

"जय भीम, मामा," पायल म्हणाली. "काय झालं?"

मामांनी नुसता हात उचलला. बोलले सेठच. "क्या हुआ? तेरा सायन्स हुआ! नीलिमा मॅडम शाम को आनेवाली है, सँपल लेके. ये माल दिखाऊँ उसको? अगं, ही धुतलेली पँट आहे की नवीकोरी, ते तरी सांग!"

नीलिमा मॅडम म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची बाई. तिनं पास केलेली एक सँपल पँट होती आणि सगळा माल त्या सँपलच्या शेडला, म्हणजे रंगछटेला, जुळायला हवा होता. जुळला तर वर्षभराचं काम हरेशसेठला. नाही जुळला तर गल्लीच्या तोंडावरचे धुलाईवाले जिभल्या चाटत बसलेलेच होते.

आता पायलची गोष्ट. बदलापूरच्या बेलवलीची पोरगी, केमिस्ट्रीत बीएस्सी. या गल्लीत आजवर कुणी केमिस्ट ठेवला नव्हता. रंग डोळ्यांनी बघायचा, ॲसिड मगानं ओतायचं, आणि मास्टर म्हणेल तीच पूर्व दिशा. पायलनं सेठच्या मागे लागून, अक्षरशः डोकं खाऊन, बॉयलरच्या मागे एक टेबल मिळवलं. त्यावर चार ग्लास, दोन बाटल्या आणि आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी. झाली लॅब! पोरं हसायची, "पायलताईचा दवाखाना" म्हणायची. हसू देत. पण त्या टेबलावर तिचा भारी जीव होता. कॉलेजातल्या मैत्रिणी औषधांच्या कंपन्यांत एसीत बसायच्या. हिला या गरम, ओल्या, निळ्या शेडमध्ये आपण काहीतरी नवीन करतोय असं वाटायचं, आणि ते खरंही होतं.

"सुन," सेठ म्हणाले, आणि या वेळी आवाज चढवला नाही. "शाम तक शेड मिला तो मिला. नहीं तो कल से वो टेबल उठा, और तू भी उठ. माझा बाप पट्टीशिवाय धुवायचा, मी पण धुवीन. आणि बबन, तुझी नजर गेली आता. तू पण घरी बस."

ते ऑफिसात निघून गेले. बबनमामा तिथंच पँटींच्या ढिगावर टेकले. वीस-बावीस वर्षं ड्रमवर काढलेला माणूस, हात कोपरापर्यंत कायमचे निळे. "पायल," ते म्हणाले, "तुझी शपथ, मी पट्टी बघूनच ॲसिड घातलं. नारिंगी म्हणजे नारिंगी. तसूभर इकडंतिकडं नाही."

पायलचा त्यांच्यावर विश्वास होता. मामा हट्टी होते, पण खोटं बोलणारे नव्हते. उलट तिनं पट्ट्या आणल्यावर सगळ्यात आधी नियम पाळायला लागले ते हेच. नियमही सोपा होता आणि तिनंच घालून दिला होता: पँटी टाकायच्या आधी ड्रमच्या पाण्यात पट्टी बुडवायची, ती नारिंगी झाली की पुढचं काम सुरू.

तिनं आधी एन्झाइमवर संशय घेतला. एका ग्लासात कोमट पाणी, लॅबच्या बाटलीतलं थोडं ॲसिड, चिमूटभर एन्झाइम आणि जीन्सचा तुकडा टाकून ढवळत बसली. थोड्या वेळात पाणी निळं झालं आणि तुकडा फिका. म्हणजे महाराणी ठणठणीत होती. मग पायल उठली आणि शेवटच्या ड्रममध्ये राहिलेल्या पाण्यात पट्टी बुडवली. पट्टी हिरवी! आंबटपणाचा मागमूस नाही, साधं नळाचं पाणी असावं तसं. नारिंगीपासून हिरव्यापर्यंत पाणी गेलंच कसं?

"मामा, ॲसिड कुठलं घातलंत?"

"कडकवालं." मामा अगदी सहज म्हणाले. "नरमवालं संपलं काल संध्याकाळी, तू गेल्यावर. ॲसिडवाल्याचा टेम्पो आलाच नाही. ड्रम बंद ठेवू का? फरशी धुवायचं कडकवालं होतं, ते घातलं. आणि किती कमी लागलं सांगू! नरमवालं डबाभर ओतायचो, हे नुसतं पेलाभर. पट्टी लगेच नारिंगी. मी म्हटलं, वा, सेठ खूश होतील."

पायलनं कपाळावर हात मारून घेतला. मामांवर चिडून नव्हे, स्वतःवर. अगं बाई, हे मी सांगितलंच नव्हतं! पट्टीचा रंग जुळला पाहिजे, एवढंच शिकवलं. पट्टी काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे कुठं शिकवलं? मामांनी तर तिचा नियम अक्षरशः पाळला होता.

ती तडक सेठच्या ऑफिसात गेली, तीन ग्लास, दोन्ही ॲसिडं, पट्ट्या आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी घेऊन. मागोमाग मामांनाही ओढलं.

"सेठ, दोन मिनिटं. नंतर हाकला."

"बोल."

तिनं एका ग्लासच्या पाण्यात कडक ॲसिडचे थेंब टाकले, दुसऱ्यात लॅबच्या बाटलीच्या तळाशी उरलेलं नरम ॲसिड. दोन्हींत पट्ट्या बुडवल्या. दोन्ही नारिंगी. जुळ्या बहिणी.

"सारखंच आंबट आहे ना?"

"सेम टू सेम," सेठ म्हणाले.

"मामा, आता दोन्हींत एकेक चमचा सोडा घाला."

मामांनी घातला, ढवळला. पायलनं पुन्हा पट्ट्या बुडवल्या. कडकवाल्याची पट्टी नारिंगीची थेट हिरवी, नव्हे, हिरव्याच्याही पुढे. नरमवाल्याची जेमतेम पिवळट. मामांनी नरमवाल्यात आणखी चमचा घातला. पिवळी. आणखी एक. तरीही पिवळी, जागची हलेना. मामांचे डोळे चमकले. ते न सांगता चौथा चमचा भरायला लागले, तेव्हा पायलनं हसून त्यांचा हात धरला.

"हे बघा. कडक ॲसिड पाण्यात पडलं की जेवढं जवळ आहे तेवढं एका दमात पाण्याला देऊन मोकळं होतं. म्हणून पेलाभरच पुरतं, पट्टी लगेच रंगते. पण मग हातात काही उरत नाही. नरम ॲसिड तसं नाही. ते डबाभर ओतलं तरी पाण्याला थोडंसंच देतं, बाकीचं धरून ठेवतं. सोडा येऊन दिलेलं खाऊन गेला, की ते अजून थोडं सोडतं. परत खाल्लं, परत सोडतं. पट्टी फक्त पाण्यात सुटलेलं बघते, सेठ. धरून ठेवलेलं तिला दिसत नाही."

"पण ड्रममध्ये सोडा कोण टाकलं?"

"आपणच. आधी पँटींची कांजी काढतो ना, ती सोड्याच्या गरम पाण्यात. कितीही खळबळा, शिवणीत, खिशात थोडा सोडा राहतोच. पँटी ड्रममध्ये पडल्या, सोडा बाहेर आला आणि कडकवाल्याचं दुकान पाच मिनिटांत बंद. एन्झाइम झोपलं. नरमवालं असतं तेव्हा हे कधी कळलंच नाही, कारण ते पुरून उरायचं."

सेठ काही कच्चे नव्हते. उल्हासनगरात चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस. "तो कडकवाला ज्यादा डाल दे! खतम!"

"बघा की." पायलनं नव्या ग्लासात कडक ॲसिड वाढवलं. पट्टी लालभडक. "एवढ्या आंबटात एन्झाइम मरतं, कापड कुजतं, तुमचा ड्रम खातं ते वेगळंच." मग सोडा थेंबथेंब घातला. लाल, लाल, लाल, आणि एका थेंबात एकदम हिरवी. "मधे पिवळ्यावर थांबलं का कुठं? आपल्याला तर पँटी पडल्यावर तासभर पिवळ्यावरच राहायचंय, एन्झाइमला तेच मानवतं."

सेठनी पट्टी उजेडात धरून पाहिली. मग मामांकडे पाहिलं. "मतलब बबन ने गडबड किया."

"नाही," पायल म्हणाली. "नियम माझा होता, आणि अर्धवट होता. मामांची नजर चांगली आहे. घरी बसवायचं तर मला बसवा, पण संध्याकाळी. आत्ता मला नरम ॲसिड द्या, हाच माल परत धुवून देते."

सेठनी फोन उचलला आणि लगेच ठेवला. शुक्रवार! ॲसिडवाला अंबरनाथच्या एमआयडीसीतला, आणि तिथं शुक्रवारी सगळं बंद. तरी दोघाचौघांना फोन लावून पाहिले. एकानं उचलला, तो गावाला गेलेला. झालं. एवढं सगळं कळून काय उपयोग, असं पायलला वाटलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिनं ओढणीनं पुसलं आणि स्वतःलाच दरडावलं. रडायला रात्र पडली आहे, आधी डोकं चालव.

"मामा, घरात आंबट काय काय असतं?"

"चिंच. लिंबू. दही. कैरी..."

"सगळं नरमवालंच आहे बघा ते! खाता येतं ते सगळं आंबट नरमच असतं, नाहीतर आपली आतडी राहिली असती का? चिंचेचा डाग पडेल. लिंबं टेम्पोभर लागतील. पण लिंबाचं आंबट सुकवलेलं मिळालं तर?" ती उभीच राहिली. "लिंबूफूल! सरबतात घालतात ते पांढरे खडे!"

पुढं काय झालं ते गल्ली अजून सांगते. मागच्याच बाजूला मोतीबाईंचा सरबताचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार पातेली आणि खुर्चीत बसलेल्या सत्तरीच्या मोतीबाई, ज्यांच्यापुढं हरेशसेठसुद्धा आवाज खाली करतात. पायल धापा टाकत पोचली आणि म्हणाली, "मोतीबाई, लिंबूफूल पाहिजे. गोणी."

"गोणी? लगन है क्या?"

"जीन्स धुवायला."

मोतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पँट को सरबत पिलाएगी?"

"हो."

"इतने साल में ऐसा नहीं सुना." म्हातारी उठलीच खुर्चीतून. "गोणी ले जा. लेकिन मैं भी आएगी. ये तो मेरे को देखना है."

असा तो मोर्चा निघाला. पुढे लिंबूफुलाची गोणी खांद्यावर घेतलेले बबनमामा, मागे पायल, आणि सगळ्यात मागे एका पोराला खुर्ची उचलायला लावून मोतीबाई. शेडमधल्या पोरांना तर ऊत आला. "ताई, साखर पण टाकू?" "बर्फ आणू का बर्फ?" पायलनं कुणाला दाद दिली नाही. पहिल्या ड्रमच्या पाण्यात मामांनी लिंबूफूल सोडलं, पट्टी बुडवली. नारिंगी.

"आता पँटी," पायल म्हणाली. "आणि आजपासून पट्टी पँटी टाकल्यावरही बुडवायची. दर थोड्या वेळानं."

पँटी आत पडल्या. ड्रम फिरला. थांबवून पट्टी बुडवली. पिवळी! एन्झाइम टाकलं, ड्रम पुन्हा फिरला. पुन्हा थांबवला, पुन्हा पट्टी. पिवळी. सोडा शिवणीतून बाहेर येत होता आणि लिंबूफूल त्याला पुरून उरत होतं. मामांनी तिच्या हातातून पट्ट्यांची डबी घेतली आणि पुढची स्वतः बुडवली. तीही पिवळी. "अगं, हलतच नाही गं!" ते लहान मुलासारखे ओरडले. "किती धरून बसलंय हे!"

ड्रमच्या दाराच्या काचेतून आतलं पाणी दिसत होतं. आधी स्वच्छ, मग आकाशी, मग चांगलं गडद निळं. रंग निघत होता! एक पँट बाहेर काढून मामांनी पिळली, उजेडात धरली, डोळे बारीक केले. "अजून जरासं," म्हणाले. पुन्हा ड्रम. पुन्हा पँट. या वेळी त्यांनी ती पँट थेट पायलच्या अंगावर टाकली, ओलीचिंब. मांडीवर पहाटेच्या आभाळासारखी फिकी, शिवणीला गडद, एकही डाग नाही. पायलनं ती भिजलेली पँट छातीशी धरली आणि जोरात ओरडली, "सगळे ड्रम भरा रे!"

मग कुणी थट्टा केली नाही. सगळे ड्रम एकदम सुरू झाले. जेवायला कोणी बसलं नाही; मोतीबाईंनी घरून सरबताचं पातेलं मागवलं आणि पोरांना पाजलं. "तुम भी पियो, पँट भी पिए," म्हणत होत्या. मामा एका ड्रमवरून दुसऱ्यावर, हातात पट्टी, तोंडात "पिवळी! पिवळी! इथं जरा चिमूटभर टाक रे, हिरवटपणा येतोय!" सकाळी मान खाली घालून उभा असलेला माणूस तो हाच का, असं वाटावं. सेठ ऑफिसातून दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा डोकावले ते बाह्या सरसावून, आणि वाळवायच्या मशीनवर स्वतः उभे राहिले.

नीलिमा मॅडम आल्या तेव्हा शेवटच्या पँटी अजून गरम होत्या. मोजक्या बोलणाऱ्या बाई. बॅगेतून सँपल पँट काढली. तिच्या कमरपट्टीच्या आतल्या बाजूला लाल धाग्याची खूण होती. त्यांनी ती मालाशेजारी धरली. एका पँटीशी, दुसरीशी, ढिगाच्या तळातून ओढलेल्या तिसरीशी. चेहऱ्यावर काही दिसेना. मामांनी तर डोळेच मिटून घेतले होते.

मग मॅडमनी एक विचित्र गोष्ट केली. सँपल ढिगात टाकली आणि दोन्ही हातांनी ढीग वरखाली केला, पत्ते पिसावेत तसा.

"हरेशजी, आता माझी सँपल काढून द्या."

सेठ हसले. "ये लो." एक पँट उचलली, कमरपट्टी उलटली. लाल धागा नाही. "अरे." दुसरी उचलली. नाही. तिसरी हातात घेऊन खिडकीपाशी नेली, कापड चोळलं, वास घेतला. नाही! "मॅडम, आप देखो."

मॅडमनी पाहिलं. त्यांनीही दोन उचलल्या, दोन्ही चुकल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांवर हसू आलं. "बबनजी?" मामांनी एक ओढली, छातीठोकपणे. नाही. शेडमधली पोरं पुढं आली, मोतीबाई खुर्चीतून वाकल्या, आणि बघता बघता सगळी शेड त्या ढिगावर तुटून पडली. कमरपट्ट्या उलटताहेत, पँटी हवेत उडताहेत, "ही?" "नाय!" "ही बघ!" "नाय रे!" सेठ गुडघ्यावर बसून शोधताहेत.

"जाऊ द्या," नीलिमा मॅडम म्हणाल्या. "ठेवा ती तुमच्याकडेच. वर्षभर हाच शेड पाहिजे मला, आणि हीच माणसं ड्रमवर पाहिजेत."

"हीच!" सेठ गुडघ्यावरूनच ओरडले. "पायल, सुना? मिली क्या?"

पायल ढिगाच्या टोकावर चढली होती, दोन्ही हातांत पँटी, निळ्या पाण्यानं केस चिकटलेले. तिनं खाली पाहिलं. उलटलेल्या कमरपट्ट्यांचा समुद्र, आणि लाल धागा कुठंच नाही. ती हसायला लागली, आणि हसू काही केल्या थांबेना.

"सापडत नाही, सेठ!" ती ओरडली. "सगळ्या तीच आहेत!"